मॅल्कम एप्टनला कोण ओळखतं?

मॅल्कम एप्टन आमच्या समोर राहतो. रस्त्याच्या या बाजूला ‘डाउस आणि कन्या’ हे आमचं अंत्यविधीचं दुकान, वरच्या मजल्यावर मी, आणि पलीकडे एकोणीस नंबरच्या घरात तो. डाउस म्हणजे माझे वडील आणि कन्या म्हणजे मी, जॅनिस. इंग्लंडातल्या या सॉल्टबी गावात जो मरतो तो माझ्याच हातून पुढे जातो, त्यामुळे गावातले लोक माझ्याशी जरा जपून बोलतात. मॅल्कम कुणाशीच कधी जपून वागला नाही. तसं तो बोलतही नाही फारसा. तो लिहितो.

तक्रारी लिहितो. पाण्याच्या कंपनीत मीटर वाचण्यात त्याची सगळी नोकरी गेली. लोकांच्या आवारात शिरायचं, वाकून बघायचं, आकडा टिपायचा. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्याची बॅटरी आणि पिवळं जाकीट परत घेतलं, पण वाकून बघायची खोड काही परत घेतली नाही. कुणी कचऱ्याचा डबा वेळेआधी रस्त्यावर काढला, कुणाचं कुंपण हातभर वाढलं, कुणी टपालपेटीसमोर गाडी लावली, की मॅल्कमचं पत्र गेलंच म्हणून समजा. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि खाली ठसठशीत सही. एक प्रत स्वतःच्या फायलीत, आणि एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला, ‘माहितीसाठी’. मागून वार करायचा नाही हे त्याचं तत्त्व. समोरून करायचा, आणि वर पोचपावती मागायची.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा माणूस खोटं कधी लिहीत नाही. तेच तर दुखणं आहे. खोटारडा असता तर गावाने त्याला हसण्यावारी नेलं असतं.

माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट सांगते. आयुष्यभर ज्यांनी गावाला पोचवलं त्यांना पोचवायला अर्धं गाव दुकानासमोर जमलं होतं. शववाहिनी दारात, वडील आत, आणि लिंकनहून निघालेल्या माझ्या आत्याचा पत्ता नाही. आम्ही थांबलो. तेवढ्यात पालिकेचा माणूस आला आणि शववाहिनीच्या काचेवर दंडाची पावती चिकटवून गेला. गाडी दुहेरी पिवळ्या रेघेवर, म्हणजे थांबायला मनाई असलेल्या जागी उभी होती ना! दुसऱ्या दिवशी सांत्वनाच्या कार्डांमध्ये मॅल्कमचं पाकीट. ‘प्रत माहितीसाठी. वाहन त्रेचाळीस मिनिटे उभे होते.’ पुढे पालिकेने तो दंड मागे घेतला, पण मी माझा राग मागे घेतला नाही. सात वर्षं मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही.

त्याची बायको पॉलीन मात्र माझी जिवाभावाची मैत्रीण. शाळेच्या स्वयंपाकघरात होती ती. मॅल्कम वाचनालयात नियमावल्या चाळायला गेला की ती रस्ता ओलांडून यायची, आणि आम्ही दोघी माझ्या ऑफिसात, शवपेट्यांच्या नमुन्यांशेजारी बसून चहा प्यायचो. नवऱ्याबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. एकदाच म्हणाली, “जॅनिस, तुझ्याकडे किती शांत असतं गं!” मी खो खो हसले. मला वाटलं, माझ्या धंद्यावर विनोद करतेय.

मॅल्कमने देश कधी सोडला नव्हता. “परदेशात आहे काय? ऊनच ना? ते इथेही पडतं,” असं तो म्हणायचा. पडतं खरं, ऑगस्टात, एखाद्या मंगळवारी. दर उन्हाळ्यात दोघं आठवडाभर अकरा मैलांवरच्या किनाऱ्यावर त्याच त्या कॅराव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला जायची, आणि परत आल्यावर मॅल्कम कॅराव्हॅनवाल्याला चार पत्रं लिहायचा. पासपोर्ट त्याच्यापाशी नव्हता, आणि ही गोष्ट तो एखाद्या पदकासारखी मिरवायचा.

पॉलीनची आई आयर्लंडची. त्या नात्याने पॉलीनने साठी उलटल्यावर गुपचूप आयरिश पासपोर्ट काढला, ज्यावर युरोपात हवं तितकं राहता येतं. तो टपालाने आला माझ्या पत्त्यावर. दोघांची मुलगी केरी लग्न करून माल्टा बेटावर गेली होती. गेल्या ऑगस्टात केरीचं बाळंतपण आलं आणि पॉलीन तीन आठवड्यांसाठी म्हणून गेली. तीन आठवड्यांचा नाताळ झाला, नाताळचा फेब्रुवारी झाला. कुणी विचारलं तर मॅल्कम एवढंच म्हणायचा, “मुक्काम वाढलाय.”

फेब्रुवारीच्या शेवटी तिचं पत्र आलं. मजकूर असा: ‘मॅल्कम, मी इथे बरी आहे. तीस जूनच्या आत तू स्वतः येऊन माझ्यासमोर उभा राहिलास, तर मी तुझ्याबरोबर घरी परत येईन. हा माझा शब्द. नाही आलास तर मी इथेच राहीन. पॉलीन.’ हे सगळ्या गावाला कसं कळलं, तर मॅल्कम ते पत्र घेऊन पोस्टात गेला आणि काउंटरवरच्या मुलीला त्याने विचारलं, सहीनिशी दिलेला असा शब्द कायद्याने बंधनकारक असतो का? मागे रांगेत नऊ माणसं होती.

गावातल्या बायका विरघळल्या. “बघा, एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची परीक्षा घेतेय!” मीही विरघळले. लाकडी पेट्यांत वावरत असले तरी माझं काळीज लाकडाचं नाही. आणि मॅल्कम? त्याने पोस्टातून पासपोर्टचा अर्ज आणला. अर्ज संगणकावरूनही करता येतो, पण मॅल्कमचा संगणकावर विश्वास नाही. संगणकाला उलट टपाली खडसावता येत नाही म्हणतो.

काळी शाई, मोठी अक्षरं, सही चौकटीच्या आत, खाडाखोड चालणार नाही. चार दिवस तो खिडकीत बसून तो अर्ज भरत होता. मला समोरून दिसायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्याच्या तोडीचं कुणी भेटलं होतं. फोटोसाठी सुपरमार्केटातल्या यंत्रात जाऊन बसला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही असा नियम आहे. तिथे तो पहिल्याच फटक्यात पास झाला.

मग घोडं अडलं. मोठ्या वयात पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्याला, हा म्हणतो तोच हा, असं लिहून देणारं एक माणूस लागतं. ते नात्यातलं नको. त्याची निदान दोन वर्षांची ओळख हवी, त्याच्याकडे स्वतःचा पासपोर्ट हवा, आणि गावात त्याची पत हवी. कुणाकुणाची सही चालते त्याची यादीच देतात: पाद्री, शिक्षक, नगरसेवक, दंतवैद्य, पबचा मालक वगैरे. मॅल्कमने यादी वाचली. ती यादी आणि त्याच्या तक्रारींच्या फायलींची अनुक्रमणिका यांत फारसा फरक नव्हता.

तरी बिचारा निघाला. अडला हरी, दुसरं काय! पहिला गेला ‘ब्लू ॲन्कर’ पबात. तिथल्या गॅरी बॉन्टॉफ्टने त्याला नऊ वर्षांपूर्वी जन्माची बंदी घातली होती, कारण मॅल्कम खिशातून मोजपात्र काढून बिअरचं माप तपासायचा आणि माप खात्याला कळवायचा. मॅल्कम उंबऱ्याबाहेर उभा राहिला, कारण बंदी म्हणजे बंदी, आणि तिथूनच ओरडला, “बॉन्टॉफ्ट, तुम्ही मला ओळखता ना?”

“ओळखतो म्हणून तर सही करत नाही!” गॅरी आतून म्हणाला. सगळा पब पोट धरून हसला.

दुसरी आमची पाद्रीणबाई, रेव्हरंड हिलरी. तिच्या चर्चच्या घंटा रविवारी चार मिनिटं आधी वाजतात यावर मॅल्कमची बावीस पत्रं तिच्याकडे पडून होती. ती गोड हसली. “मिस्टर एप्टन, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते. सही मात्र देवावर सोपवते.” तिसरी नगरसेविका मॅक्सीन ऑडलिंग. ती म्हणाली, “आपला अर्ज मिळाला. कामाच्या अठ्ठावीस दिवसांत उत्तर देऊ.” त्याच्या प्रत्येक पत्राला ती हेच उत्तर देत आली होती. चौथा दंतवैद्य. त्याने मॅल्कमला तोंड उघडायला लावलं, एक दाढ उपटली आणि मग नाही म्हणाला.

यादीत अंत्यविधीवाल्यांचंही नाव असतं. मार्चच्या मध्यावर मॅल्कम एप्टनने रस्ता ओलांडला.

मी नमुन्याच्या ओक पेटीची धूळ पुसत होते. दार वाजलं, वर बघितलं, तर हा. हातात पाकीट, गाल सुजलेला.

“या, या, मिस्टर एप्टन,” मी म्हणाले. “माप घेऊ का?”

“मिस डाउस, मी अधिकृत कामासाठी आलोय.”

“आमच्याकडे सगळे अधिकृत कामासाठीच येतात. बहुतेक आडवे येतात, तुम्ही उभे आलात एवढंच.”

त्याने अर्ज काढून पेटीच्या झाकणावर ठेवला. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हटलं, “सहीचं नंतर. आधी माझ्या वडिलांच्या शववाहिनीबद्दल माफी मागा.”

त्याने अर्ज झाकणाच्या कडेशी सरळ लावला. मला वाटलं, आता मागतो. मग म्हणाला, “त्रेचाळीस मिनिटं होती, मिस डाउस.”

मी त्याला बाहेर काढला. अर्ज मागून फेकला. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही असली ही जात! दिवसभर मी धुमसत होते, आणि खरं सांगायचं तर मजेतही होते. सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस माझ्या दारात येऊन हात पसरून गेला होता.

आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी हातात त्याची फाईल होती. मध्ये बोट घालून आणलेली.

“मी ते पत्र पुन्हा वाचलं,” तो म्हणाला.

“मग?”

“मजकुरात चूक नाही.”

मी दाराकडे हात केला.

“ऐकून घ्या. मजकुरात चूक नाही. पण तुमची प्रत त्या आठवड्यात पाठवायला नको होती.” त्याने फाईल मिटली. “पुढच्या आठवड्यात पाठवायला हवी होती.”

मला हसू फुटलं. आवरेचना. पोटात गच्च धरून ठेवलेला सात वर्षांचा राग असा फुस्सकन गेला, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मॅल्कम हसला नाही. तो खुर्चीच्या काठावर बसला आणि फाईल मांडीवर घेऊन म्हणाला, “मी अजूनही सकाळीच लिहितो. नाश्त्याच्या वेळी वाचून दाखवायची पद्धत आहे आमची. पॉलीन टोस्टला लोणी लावता लावता ऐकायची. पूर्ण ऐकायची, मध्ये कधी बोलली नाही. आता समोर नुसता टोस्टर असतो.”

“त्यालाही वाचून दाखवता की काय?”

“दोनदा दाखवलं,” तो म्हणाला. “मिस डाउस, मला ती परत हवीय. तिच्याशिवाय घरात मला करमत नाही. हे कुठे लिहायचं, कुणाला लिहायचं, मला कळत नाही.”

आता अशा माणसाचं काय करायचं? मला त्याची दया आली. पण नुसती दया आली असती तर मी मुकाट्याने सही केली असती आणि विषय संपला असता. मला त्याच्यावर थोडी कुरघोडीही करायची होती. अर्जात एक रिकामी जागा असते: या व्यक्तीला मी इतकी वर्षं ओळखते, तीन चार शब्दांत, कोण म्हणून ते लिहा. मी काळं पेन घेतलं, चाळीस वर्षं लिहिलं, आणि रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मित्र’. फोटोमागेही लिहिलं, हा खरोखर मॅल्कम एप्टनचाच चेहरा आहे, आणि झोकात सही ठोकली.

त्याने अर्ज डोळ्यांजवळ नेला. “हे काय लिहिलंत?”

“मित्र.”

“आपण मित्र नाही.”

“आता झालो की.”

“कधीपासून?”

“आज साडेदहापासून.”

“पण तुम्ही चाळीस वर्षं लिहिलंय. चाळीस वर्षांची मैत्री हे असत्य विधान आहे. ‘शेजारी’ लिहा.”

“शाईने लिहिलंय, मिस्टर एप्टन. खाडाखोड चालत नाही. आणि मी लिहिणार असेन तर हाच शब्द लिहीन, नाहीतर जा त्या दंतवैद्याकडे. तुमची अजून एक दाढ शिल्लक दिसतेय.”

तो अर्ज दोन बोटांत लांब धरून घेऊन गेला. मी खिडकीतून बघत होते. टपालपेटीपाशी पाच मिनिटं उभा राहिला, मग पाकीट न टाकताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी टाकलं. आणि त्याच दुपारी माझ्या दाराच्या फटीतून एक पत्र आत पडलं. ‘प्रत माहितीसाठी.’

पासपोर्ट कार्यालयाला लिहिलं होतं: ‘सोबतच्या अर्जात मिस डाउस यांनी माझा उल्लेख मित्र असा केला आहे. त्यांचा हेतू चांगला असावा, परंतु तो शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. कृपया नोंद घ्यावी.’

मी तशीच एप्रनवर रस्ता ओलांडून गेले. “अहो शहाणे! स्वतःच्याच अर्जाविरुद्ध तक्रार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बायको हवीय ना तुम्हाला?”

“हवीय,” तो म्हणाला. “पण खोट्यावर नको.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय करून बसलो ते त्याला कळलेलं होतं, आणि तरी त्याला दुसरं काही करता आलं नसतं. मी त्याला चार शिव्या घातल्या आणि परत आले. पण सबंध एप्रिल रोज सकाळी टपालवाला एकोणीस नंबरवरून पुढे गेला की माझाच जीव खाली-वर व्हायचा. गावालाही चैन नव्हतं. गॅरी पबात पैजा घेत होता.

मे महिन्यात बोलावणं आलं. पहिल्या पासपोर्टच्या वेळी कधी कधी मुलाखत घेतात, पडद्यावर, समोरासमोर. मॅल्कमकडे पडदा नाही, म्हणून ती झाली माझ्या ऑफिसात, माझ्या संगणकावर. मी शेजारच्या खोलीत पेट्यांच्या पितळी कड्या घासत बसले. दार अर्धं उघडं होतं. ऐकू येत होतं असं नाही म्हणणार मी. ऐकत होते.

पलीकडची बाई तरुण होती आणि फार सभ्य. तिने विचारलं, या पत्त्यावर कधीपासून राहता? “एकोणीसशे ब्याऐंशी. पुरावा आहे. पालिकेची उत्तरं, एक हजार एकशे सहा, सगळी याच पत्त्यावर.” शेजारी कोण? मॅल्कमने बारा घरांतली माणसं सांगितली, गाड्यांच्या नंबरांसकट. बाईने मध्ये दोनदा “पुरे” म्हटलं. मग तिने विचारलं, मुलीची जन्मतारीख? आणि मॅल्कम अडला.

“मार्च,” तो म्हणाला. “त्या आठवड्यात गटाराचं झाकण फुटलं होतं. चौदा मार्च. नाही, थांबा. पत्र चौदाचं होतं. मुलगी बाराची.”

बरोबर होतं ते. मी कडी खाली ठेवली. शेजाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ, आणि पोटच्या पोरीची तारीख गटारातून वर काढावी लागते! राग येऊ नये तर काय?

“एक शेवटचं,” बाई म्हणाली. “तुमच्या अर्जाबरोबर तुमचंच एक पत्र आहे. जॅनिस डाउस यांनी तुम्हाला मित्र म्हटलंय, आणि तुम्ही लिहिता की तसं नाही. मग या बाई तुमच्या कोण?”

मी दाराजवळ सरकले. जूनची तीस तारीख पाच आठवड्यांवर होती. ‘शेजारी’ म्हणाला असता तरी कदाचित निभलं असतं, पण मग माझं लिहिणं खोटं ठरलं असतं. त्याच्या खुर्चीचा करकर आवाज आला.

“मैत्री आहे आमची,” मॅल्कम म्हणाला.

“पण पत्रात तर...”

“पत्र चुकीचं होतं.”

मॅल्कम एप्टनचं पत्र चुकीचं होतं, आणि हे तो स्वतः, सरकारी माणसासमोर म्हणाला! मी पेट्यांच्या ढकलगाडीवर मटकन बसले. सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले. तो बाहेर आला तेव्हा मी चहा टाकला. त्याने कप हातात घेतला, कपाच्या बुडाला काय लिहिलंय ते वाचलं, आणि म्हणाला, “आभारी आहे, जॅनिस.” चाळीस वर्षांत पहिल्यांदा मिस डाउसची जॅनिस झाले मी.

पासपोर्ट आला एकोणीस जूनला. निळाशार. मॅल्कमने तो पानन् पान तपासला. त्यात त्याला काही चूक सापडली असावी, कारण त्याचं बोट एका जागी थांबलं होतं. पण तो काही बोलला नाही, आणि मला वाटलं, प्रेम म्हणतात ते हेच. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी मी त्याला रात्रीच्या विमानासाठी सोडायला निघाले तेव्हा गॅरी पबाच्या दारात येऊन उभा होता. रेव्हरंड हिलरीने हात हलवला. नगरसेविकाबाईंनी तर फोटो काढला. वाटेत मला भलताच अभिमान वाटत होता. वाटलं, मेलेल्यांना नीटनेटकं करून पाठवण्यात जन्म गेला, एकदा तरी जिवंत माणसाला ठीकठाक करून पाठवलं.

चार दिवसांनी पॉलीनचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. मागे समुद्राचा आवाज येत होता.

“आला गं तो,” ती म्हणाली. “एकोणतीस तारखेला. दार उघडलं तर समोर उभा. म्हणाला, एक दिवस राखून आलोय.”

“मग? रडलीस का?”

“रडले.”

“बघ! मी म्हणत नव्हते?”

“जॅनिस, त्याच्यासाठी सही कुणी केली?”

मी ताठ होऊन सांगितलं, “मी केली! आणखी कोण करणार?”

पलीकडे तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “मी ते पत्र महिनाभर विचार करून लिहिलं होतं. नुसतं ‘येत नाही’ म्हटलं असतं तर त्याने रोज एक पत्र पाठवलं असतं, प्रतींसकट. म्हणून म्हटलं, ये आणि घेऊन जा. मला पक्कं ठाऊक होतं गं, सॉल्टबीत त्याच्यासाठी सही करणारं एकही माणूस नाही. यादी मी वाचली होती. एकेकाचं नाव घेऊन बोटं मोजली होती.”

ती बोलतच राहिली, अगदी शांतपणे, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगत होती. “इथे सकाळी मी किनाऱ्यावर बसते. बाळ मांडीवर असतं. कुणी काही वाचून दाखवत नाही. एकेचाळीस वर्षं रोज सकाळी मी ती पत्रं ऐकली, जॅनिस. जून सरत आला तशी मी दिवस मोजत होते. दोनच उरले होते.”

“मग मला आधी का नाही बोललीस, बये? एक शब्द टाकायचास! मी हात तोडून घेतला असता, पण सही केली नसती!”

“तुला सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही,” पॉलीन म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ऑफिसात वर्षानुवर्षं चहा पीत माझ्यासमोर बसलेली बाई. ती काय बोलत होती हे मी कधी ऐकलंच नव्हतं. ऐकलं ते त्याचं, दहा मिनिटांत विरघळले, आणि वर जिंकल्याचा आनंद! मी घाईघाईने म्हटलं, “मग नको ना येऊस. राहा तिथेच. कोण तुला दोरी लावून ओढतंय?”

“शब्द दिलाय. लिहून दिलाय. तो कसाही असू दे, माझ्याशी तो आजवर एकदाही खोटं बोललेला नाही. मग मी कोणत्या तोंडाने बोलू?” मग म्हणाली, “शनिवारी येतोय आम्ही. आणि जॅनिस, मी आता चहाला येणार नाही. वाट बघू नकोस.”

शनिवारी दुपारी टॅक्सी एकोणीस नंबरसमोर थांबली. मी दुकानाच्या काचेपाशी उभी होते, सकाळपासून उभी होते म्हटलं तरी चालेल. पॉलीन उतरली. उन्हाने रापली होती, बारीक झाली होती, चांगली दिसत होती. मी हात वर केला. तिने बॅग उचलली, घराकडे बघितलं, आणि मागे वळून न बघता आत गेली. मॅल्कम टॅक्सीवाल्याचा नंबर टिपून घेण्यासाठी रस्त्यातच थांबला होता. वही खिशात टाकताना त्याला काचेमागे मी दिसले, आणि त्याने मला हात केला. गावात त्याने कुणाला हात केलेला मी कधीच पाहिला नव्हता. माझा हात अजून वरच होता, म्हणून मग मीही तो त्याच्याकडे बघून हलवला.